भातुकलीतला बाप

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या सर्व सरपंचांना खुलं पत्र

सरपंच ताई, सरपंच दादा,



गेले काही महिने आमच्याकडे चार माणसं बसली की कुणीतरी सौंदाळ्याचं नाव काढतं. नेवासे तालुक्यातलं हे गाव, जिल्हा अहिल्यानगर. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. संध्याकाळी सात ते नऊ पोरांच्या हातात मोबाईल द्यायचा नाही, हेही ठरवलं. सरपंच शरद आरगडे यांचं नाव तेव्हा पेपरात आलं. आपल्याकडेही असा ठराव घ्यावा, पोरं फार बिघडली, असं आता बोललं जातं. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो आलाच, तर हात वर करण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या.

मी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर अंगणवाडी सेविका आहे. सव्वीस वर्षं झाली. वाडीचं नाव लिहीत नाही. पटावर सतरा मुलं आहेत, आणि नाव लिहिलं तर सतराही घरांना पत्र आपल्यावरच आहे असं वाटेल. खरं तर ते बरोबरच आहे.

सकाळी साडेदहाच्या सुमाराला मदतनीस ताई खिचडी ढवळत असतात, तेव्हा मी मुलांना भातुकली काढून देते. करवंट्या, दोन चेपलेली भांडी, विटेचा चुरा म्हणजे मसाला, ओढ्यातली वाळू म्हणजे भात. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मुलगे कोपऱ्यात एसटी-एसटी खेळण्यात गुंतले होते, त्यामुळे घरात बाप व्हायला कुणी नव्हतं. एक साडेचार वर्षांची मुलगी म्हणाली, मी बाबा. हात पुसायचं फडकं तिने खांद्यावर टाकलं आणि दाराबाहेर गेली. बाहेर जाऊन खोकली. उंबऱ्यापाशी एक पाय झटकला, मग दुसरा, म्हणजे चपला उडवल्या. आत येऊन मांडी घालून बसली, वाळूत बोटं घातली, बोटं तोंडापर्यंत नेली आणि थांबली. अगदी माणूस थांबतो तेवढीच. मग एक वाक्य बोलली.

वाक्य लिहीत नाही. सात शब्दांचं होतं आणि त्यातले छापता येण्यासारखे दोनच, ‘हे’ आणि ‘काय’. ही मुलगी खिचडीला ‘किचली’ म्हणते, तिला अजून ‘ख’ आणि ‘ड’ वळत नाहीत. पण त्या सात शब्दांत तिची जीभ कुठे अडखळली नाही, विभक्तीसुद्धा चुकली नाही. बोलून झाल्यावर तिने करवंटी पायाने उडवली.

शिव्या देणारी मुलं मला नवीन नाहीत. ठोकळ्यांचा मनोरा पडला की किक न लागणाऱ्या मोटारसायकलीला देतात तशी शिवी देणारा एक तरी मुलगा दर वर्षी असतोच. मी उठले ती तिला समजवायला. पण त्याआधी दुसऱ्या मुलीकडे लक्ष गेलं, जी आई झाली होती. ती हसली नाही, रडली नाही, ‘बाई, ही बघा शिवी देते’ म्हणून माझ्याकडे आली नाही. तिने सांडलेली वाळू दोन्ही हातांनी गोळा केली, करवंटी उलटी झाली होती ती सरळ केली, खांद्यावर नसलेला पदर सारखा केला आणि खाली मान घालून विचारलं, “दुसरं वाढू?”

सरपंच, हे दोन शब्द मी कुठल्या रजिस्टरमध्ये लिहू? पोषण ट्रॅकरवर मुलांचं वजन भरतात, उंची भरतात. त्या मुलीचं वजन वयाच्या मानाने ठीक आहे.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. पोरं शिव्या शिकली अशी तक्रार घेऊन सगळे येतात. शिवी देणारं पोर दिसतं, कारण त्याचा आवाज होतो. शिवी खायला शिकलेलं पोर गुणी म्हणून मोजलं जातं. शब्द शिकायला वेळ लागत नाही, पोपटही शिकतो. मुलं अख्खा प्रवेश पाठ करतात. कोण कुणाला बोलू शकतं, कोणत्या आवाजात, त्यानंतर मान कुणी घालायची, सांडलेलं कुणी भरायचं. आमच्या त्या दोघी रोज खेळात जागा बदलतात, आणि दोघींनाही दोन्ही पार्ट येतात.

आता दोष कुणाचा म्हणाल, तर त्याचं उत्तर सगळ्यांकडे तयार आहे. आई म्हणते, अंगणवाडीत जायला लागल्यापासून बिघडला. आम्ही म्हणतो, घरून शिकून येतात. आजी म्हणते, गणपतीला मुंबईकर आले होते त्यांनी शिकवलं. मुंबईकर म्हणतात, छे, आमची मुलं इंग्लिश मीडियमला आहेत. मग एमआयडीसीतले बाहेरचे कामगार, मग हायवेवरचे डंपरवाले, आणि कुणीच उरलं नाही की मोबाईल. मोबाईलचं काही प्रमाणात खरंही आहे. हल्ली पोरांच्या तोंडी येतात त्या शिव्या हिंदी असतात, त्याही रीलमधल्या, दोन इंग्रजी अक्षरांत उरकलेल्या. पण ती साडेचार वर्षांची मुलगी बोलली ती शिवी शुद्ध आपल्या वाडीतली होती. मोबाईलला ती येत नाही.

आणि पहिल्या दिवशी काय होतं ते आपण कुणी सांगत नाही. पोर दोन वर्षांचं होतं, बोबडं बोलतं, आणि एके दिवशी आजोबांना उद्देशून बाबांचा शब्द बोलतं. घरात हशा पिकतो. मामा म्हणतो, परत म्हण, परत म्हण. आत्या मोबाईल काढते. तो व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर जातो आणि मुंबईपर्यंत सगळे हसणारे चेहरे पाठवतात. तेच पोर पाच वर्षांचं झाल्यावर पाहुण्यांसमोर तोच शब्द बोलतं आणि कानाखाली खातं. त्याला कळत नाही की मध्ये काय बदललं. मलाही सांगता येत नाही.

१९६१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बँड्युरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बालवाडीतल्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांसमोर एक मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला मारतं आणि मारताना काही ठरावीक वाक्यं बोलतं. पुढे मुलांना तसाच बाहुला दिला, तर ज्यांनी ते पाहिलं होतं त्यांच्यातल्या अनेकांनी मार तसाच दिला आणि काहींनी तोंडाने वाक्यंही तीच म्हटली. मारणारं माणूस त्यांचं कुणी लागत नव्हतं. आपली तर आई-बापं, काके-मामे, नाक्यावरचे दादा.

आपल्या भागात शिवी नव्हती असला खोटेपणा मी करणार नाही. माझे वडील चिखलणीला बैलांना शिव्या द्यायचे, आणि बैलाला देताना ‘तुझ्या मालकाच्या’ अशी सुरुवात करायचे. बैलाचे मालक ते स्वतःच होते, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. आम्ही भावंडं बांधावर बसून हसायचो. ‘च्यायला’ तर आपण श्वासासारखं वापरतो. मोठ्या वाक्याची ती उरलेली शेपटी आहे, ‘त्याच्या’मधलं ‘च्या’ आणि पुढे ‘आयला’. मास्तरही म्हणतात, कीर्तनकारही म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ठेच लागली की मीही म्हणते.

आणि शिमगा. होळीभोवती तोंडावर हात मारून बोंब ठोकायची, कुणाच्याही नावाने, कसलीही. खालू बाजा वाजतोय, पालखी नाचतेय, आणि एरवी तोंड न उघडणारा माणूसही त्या रात्री मोकळा होतोय. काहीजण मला सांगतात, बाई, तेव्हा शिव्यांना जागा होती, दिवस होता. पालखी देवळात गेली की तोंडं बंद. थोडं खरं आहे. कुंपण होतं. पण त्या रात्री बायका घरात दार लावून असायच्या आणि बोंबा त्यांच्याच अंगावरून असायच्या, हे सांगणारे मध्येच गाळतात. शिमगा गेला तरी कवित्व उरतं, असं आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. आमच्या वाडीत ते बारा महिने उरलेलं आहे.

आईबहिणीच्या शिव्यांवर सगळेच बोलतात. दुसऱ्या एका जातीच्या शिव्या आहेत, आणि ‘जातीच्या’ हा शब्द मी जपून वापरते आहे. मागे एका मुलाचा सदरा मळलेला होता. शेजारचा मुलगा त्याला एका जातीचं नाव घेऊन हसला. तो रागावलाही नव्हता. घरी मळक्या कपड्याला तेच म्हणतात, एवढंच त्याला माहीत. ज्या जातीचं नाव घेतलं त्या जातीची मुलगी त्याच गोलात बसून बडबडगीत म्हणत होती. ती थांबली नाही, टाळ्या वाजवत राहिली. चवदार तळं आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी आपल्या हजारो माणसांबरोबर तिथलं पाणी ओंजळीत घेतलं. दर वर्षी त्या दिवशी महाडचे रस्ते भरून जातात, आपण पुढाऱ्यांचे फलक लावतो. अनुसूचित जाती-जमातीतल्या कुणाला जातीवरून चारचौघांत अपमानित करणं १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे. पण घरात मळक्या सदऱ्याला जे म्हटलं जातं त्याला कुठला कायदा पोचणार? ते पोर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे घेऊन येतं.

आता दंडाबद्दल. सौंदाळ्याने केलं त्यात मला एक गोष्ट फार पटली, की त्यांनी दंड शिवी देणाऱ्यावरच ठेवला.  पण आपल्या वाड्यांवर हा दंड कसा चालेल, ते डोळ्यांसमोर आणून बघा. २०२५-२६ साठी रोजगार हमीची दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती, म्हणजे ५०० रुपये हे दीड दिवसाहून जास्त काम. नवऱ्याने बायकोला शिवी दिली, ग्रामपंचायतीने पावती फाडली, तर पैसे कुठून येतील? बायकोच्या बचत गटाच्या पेटीतून. शिवी तिनेच खायची आणि दंडही तिनेच भरायचा.

शिवाय तक्रार कोण करणार? आमच्याकडे अर्धी वाडी भावकीची. भाऊ भावाविरुद्ध लिहून देत नाही. मग पहिली पावती कातकरवाडीतल्या कुणाच्या तरी नावाने फाटेल, संध्याकाळी पिऊन रस्त्याने बडबडत जाणाऱ्या. आणि ज्यांच्या अंगणात दोन गाड्या उभ्या असतात ते बोलले, तर म्हणतील, भाऊंचा स्वभाव जरा तापट आहे, पण मनाने निर्मळ. सार्वजनिक ठिकाणी अश्लील बोलण्याला भारतीय न्याय संहितेत २९६ वं कलम आहेच, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते आपल्या नाक्यावर कुणाला लागलेलं मी पाहिलं नाही. पाचशेची पावती त्याहून धाडसी निघेल असं मला वाटत नाही.

दंड लावायचाच असेल तर पैशांचा नको. ज्याच्या तोंडून गेलं त्याने एक सकाळ अंगणवाडीत यावं, पाणी भरावं, अंगण झाडावं आणि मुलांबरोबर खिचडीला बसावं. बोलायचं काही नाही.

शब्द जात नाहीत, बाई, पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत, असं मला सांगतात. मी एक गेलेला पाहिला आहे. आमच्या म्हाताऱ्या बायकांची तोंडं पुरुषांपेक्षा कमी नव्हती. ‘मुडदा बशिवला तुझा’, ‘पटकी येवो’, आणि सगळ्यांत वापरातलं म्हणजे ‘गाडला जाशील’. पोराने दूध सांडलं तरी गाडला जाशील, उशिरा आलं तरी गाडला जाशील. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळियेवर दरड आली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही घरं गाडली गेली. महाड शहर पाण्याखाली होतं, रस्ते तुटलेले, लाइट नाही, आणि आम्ही डोंगराकडे बघत रात्री काढत होतो. त्यानंतर एक दिवस एका आजीचा नातू चिखलात लोळून आला. तिने हात उगारला, तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही. नुसता उगारलेला हात. मग तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. त्या पावसानंतर ‘गाडला जाशील’ आमच्या वाडीत मी एकदाही ऐकलेलं नाही. त्यासाठी कुणी ठराव केला नव्हता, कुणी पावती फाडली नव्हती. त्या शब्दाच्या आत काय आहे ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

बाकीच्या शिव्यांच्या आत काय आहे, हे आपण पाहत नाही, कारण त्यांच्यावर इतकी बोटं फिरली आहेत की नाण्यावरचा छाप गेला आहे. मुलाने मला अर्थ विचारला तर मी सांगू शकत नाही, ‘वाईट शब्द आहे’ एवढंच म्हणते. पण मोठ्या माणसाला सांगता येतो. माझी सूचना विचित्र वाटेल, पण ठराव वाचण्याआधी महिला सभेत कुणीतरी रोजच्या दोनच शिव्यांचा अर्थ सरळ, पूर्ण वाक्यात, कर्ता-कर्म-क्रियापदासकट सांगावा. कुणाच्या आईबद्दल, काय म्हणतो आहोत आपण. नंतर तेच मुख्य ग्रामसभेत पुरुषांसमोर. एखादा सरपंच हे करून दाखवेल तर तो ठराव मोडायला फार निर्ढावलेलं तोंड लागेल.

हो, आणि ग्रामसभा. सरपंचांची निम्मी पदं आता बायकांसाठी राखीव आहेत, तेव्हा माझं पत्र वाचणाऱ्यांतल्या निम्म्या तुम्ही, ताई. घरकुलाची यादी वाचताना किंवा पाण्याच्या टाकीच्या हिशेबावर खुर्चीत बसून तुम्ही काय काय ऐकून घेता, ते मी सभेच्या मागच्या रांगेत बसून ऐकलं आहे. तुम्ही मान खाली घालून पुढचा विषय घेता. ‘दुसरं वाढू?’ यापेक्षा ते फार वेगळं नाही, राग मानू नका. सभा चालू असते तेव्हा पोरं खिडकीचे गज धरून बाहेर उभी असतात. आत माईक असतो. तेव्हा ठरावाचं पहिलं कलम ग्रामसभेलाच लावा. शिवी आली की सभा तिथेच थांबवायची, इतिवृत्तात लिहायचं की अमुक वाजता अमुक मिनिटं सभा थांबली.

दुसरं, कबड्डीचं मैदान. रायगडच्या पोराच्या अंगात कबड्डी आहे, आणि रात्रीच्या सामन्यांना सगळ्यांत पुढे, रेषेला टेकून, पाच-सात वर्षांची पोरं बसलेली असतात. खेळाडूचं वागणं सुटलं तर पंच हिरवं कार्ड दाखवतात, मग पिवळं, मग लाल. बाजूला खुर्चीत बसून पोरांच्या डोक्यावरून जे ओरडत असतात त्यांना कार्ड नाही. बक्षीस तुमच्या ग्रामपंचायतीचं, मंडप तुमच्या ओळखीचा. निवेदकाच्या हातात माईक असतोच, त्याने एकदा नाव घेऊन म्हणावं, दादा, पुढे लहान मुलं बसली आहेत. नाव घेतलं की पुरतं. नुसतं ‘प्रेक्षकांना विनंती’ म्हटलं की ती विनंती शेजारच्याला आहे असं प्रत्येकाला वाटतं.

त्या भातुकलीच्या दिवशी मी काय केलं, हे सांगायचं राहिलं. मी बाप झालेल्या मुलीला ओरडले नाही. तिच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, मी आजी, मलाही भूक लागलीय. दोघींनी मला वाढलं. मी म्हटलं, भात छान झालाय, कुणी केला? आई झालेली मुलगी गप्प. मग बापच म्हणाला, “हिने.” एवढंच. यातून काही बदललं असं मी म्हणत नाही. चारच दिवसांनी करवंटी पुन्हा उडाली.

तुम्हाला बोलावते आहे. ठरावाआधी एकदा येऊन बसा, माझ्या नाही तर तुमच्याच गावातल्या अंगणवाडीत. वेळ साडेदहा ते अकरा. आधी कळवू नका, नाहीतर बाई मुलांना नमस्कार शिकवून ठेवतील. फोटो काढायचा नाही. खाली बसावं लागेल. खुर्ची एकच असते आणि तिच्यावर रजिस्टरं ठेवलेली असतात. मुलं तुम्हाला वाळूचा चहा देतील. तो शेवटपर्यंत प्यायचा असतो, कप अर्धा ठेवला तर ओतून देऊन दुसरा भरतात.

आपली नम्र,
पोलादपूर तालुक्यातली एक अंगणवाडी सेविका